धार पहिल्या दगडावर

वस्तऱ्याला धार लावताना कोन धरावा लागत नाही. सुरीला तो धरावा लागतो. पातं दगडावरून किती उचलायचं हे हातानं ठरवायचं आणि शेवटपर्यंत तेवढंच उचललेलं ठेवायचं. वस्तऱ्यात ही सोय घडवणाऱ्यानंच करून ठेवलेली असते. पातं दगडावर आडवं टाकलं की त्याची जाड पाठ आणि धार एकदमच टेकतात, मधला पोखरलेला भाग अधांतरी राहतो. पाठ ५ मिलिमीटर जाड आणि पातं १९ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच रुंद असेल, तर दोन्ही बाजू धारेपाशी साधारण १५ अंशांत भेटतात. स्वयंपाकघरातल्या सुरीचा कोन याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असतो. वर्षानुवर्षं दगडावर घासून वस्तऱ्याची धार झिजते तशी पाठही झिजते, त्यामुळे कोन जवळजवळ तोच राहतो. आजोबांच्या वस्तऱ्याला नातवानं धार लावली तरी कोन पहिल्या कारागिराचाच. कागदावर एक अरुंद त्रिकोण काढून हे मला नीट उमगलं, आणि तेव्हापासून या हत्याराबद्दल मनात जो आदर बसला तो आजही उतरलेला नाही.

मला शिकवणारे काका शुक्रवार पेठेतल्या एका जुन्या सलूनचे मालक. पुण्यातली सलूनं सोमवारी बंद असतात, म्हणून आमची शिकवणीही सोमवारची. शटर अर्ध्यावर ओढलेलं, खुर्च्यांच्या पाठींवर टॉवेल वाळत घातलेले, आणि बेसिनशेजारच्या कडप्प्यावर ओलं फडकं, फडक्यावर दगड. काका मूळचे पुरंदर तालुक्यातले. त्यांचे वडील गावात बलुत्यावर काम करायचे. वर्षभर घरोघर जाऊन डोकी-दाढ्या करायच्या आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचं. काखेत धोकटी. तिच्यात कात्री, फणी, आरसा, पाण्याची वाटी, नखं काढायची नराणी, तुरटीचा खडा, दोन वस्तरे आणि तळहातावर मावेल एवढा एक दगड. एकच. मी चढत्या नंबरांचे दगड ओळीनं मांडले तेव्हा काकांनी एकेक उचलून बोट फिरवून पाहिला, पाण्याखाली धरला, पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाले, "आमच्याकडं एक दगड आणि हे," आणि डावा तळहात पुढे केला. वस्तरा तळव्यावर उलटसुलट फिरवून धार बसवणारे न्हावी मी लहानपणी मंडईबाहेर पाहिले होते. काकांच्या तळव्याच्या मधोमध कातडी अजून घट्ट आणि गुळगुळीत आहे, वस्तरा सोडून इतकी वर्षं झाली तरी.

आरशाच्या वर संत सेना महाराजांची तसबीर आहे. भजनात रमलेल्या सेना महाराजांच्या ऐवजी विठ्ठलच धोकटी घेऊन राजाकडे गेला आणि राजाला तेलाच्या वाटीत चतुर्भुज रूप दिसलं, ही कथा काका रंगून सांगतात. श्रावण वद्य द्वादशीला, महाराजांच्या पुण्यतिथीला, दुकानात प्रसाद असतो. याच वस्तऱ्याची दुसरी गोष्ट मात्र कुठल्या तसबिरीत नाही. पुण्याच्या वाड्यावाड्यांतून विधवांचं केशवपन त्यानंच व्हायचं. १८८८ साली निघालेल्या आपल्या 'सुधारक'मधून आगरकरांनी या रूढीवर सतत प्रहार केले. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक'मधून येऊ लागली ती १८९० पासून, आणि तिच्यातल्या यमूच्या वपनानं किती घरांतली झोप उडवली असेल याचा अंदाज आजही ते वाचताना येतो. त्याच १८९० साली मुंबईत, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं तिथं ठरलं. शिकलेले लोक लिहीत-बोलत होते, वाद घालत होते. हत्यार ज्यांच्या हातात होतं त्यांनी ते खाली ठेवलं. पोट ज्याच्यावर चालतं ते काम नाकारणं काय असतं हे मला वाचून कळलं होतं. वस्तरा रोज हातात धरायला लागल्यावर ते जास्त कळतं.

वस्तरा मिळवायचा कुठे, हा पहिला प्रश्न. नवे मिळतात, पण स्वस्तातले नवे वस्तरे नुसते वस्तऱ्याच्या आकाराचे असतात. पोलाद मऊ, पाठ वाकडी, आणि पाठ वाकडी म्हणजे सुरुवातीला सांगितलेली सगळी भूमितीच बिघडलेली. त्यापेक्षा जुना बाजार बरा. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या या बाजारात कुलपं, दुर्बिणी, पितळी नळ, बंद पडलेली घड्याळं यांच्या ढिगात मधूनच एखादा वस्तरा निघतो. बहुतेक इंग्लंडच्या शेफिल्डचे किंवा जर्मनीच्या झोलिंगेनचे. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सचा चांदणी आणि माल्टीज क्रॉसचा छाप पाहिला की विकणाराही किंमत वाढवतो, कारण रॉजर्सचा चाकू हे नाव आपल्याकडच्या कित्येक घरांत अजून लक्षात आहे. छापावर जाऊ नका, असं काका म्हणतात. त्यांनी सांगितलं ते असं: आधी पाठ बघायची. दोन्ही बाजूंनी सारखी झिजलेली आहे का? एका बाजूला रुंद चकाकता पट्टा आणि दुसऱ्या बाजूला रेघभरच, तर आधीच्या माणसाचा हात एका अंगाला दाबत होता आणि ते सगळं आता आपल्याला निस्तरावं लागणार. मग गंज. पात्याच्या पोटावर काळे डाग असले तरी चालतील. धारेवर खड्डे असतील तर नको, कारण खड्डा जाईपर्यंत सगळी धार मागं घ्यावी लागते. शेवटी पातं कानाजवळ धरून नखानं हळूच टिचकी मारायची. पोखरून पातळ केलेलं शाबूत पातं बारीक आवाजात किणकिणतं. भेग असेल तर आवाज बसका येतो.

आणि वस्तरा हातात आला की तो फिरत्या चाकावर न्यायचा नाही. हे काकांनी दोनदा बजावलं. पेठांमधून सायकलवर चाक बसवून फिरणारे धारवाले अजून येतात. त्यांच्यातले कितीतरी शिकलगार, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तलवारी, कट्यारी घासून चमकवणाऱ्यांचे वंशज. कात्रीला, विळीला, कोयत्याला त्यांच्याइतकी चांगली धार दुसरं कोणी लावत नाही असं माझं मत आहे. पण कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात, म्हणजे पोलाद तापतं. वस्तऱ्याची धार इतकी पातळ की उष्णता पसरायला मागं धातूच नसतो. क्षणात टोकापाशी निळसर झाक येते आणि घडवताना दिलेलं पाणी उतरतं. पाणी उतरलेली धार पुन्हा कितीही घासली तरी दुसऱ्या दाढीपर्यंत टिकत नाही. शहाणा शिकलगार वस्तरा पाहूनच परत देतो.

दगडांची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. पुणं दगडावर बसलेलं शहर. पायऱ्या, जोती, घाट, सगळं काळ्या बेसॉल्टचं. जुन्या वाड्यांच्या पायऱ्यांवर विळे-कोयते घासून पडलेले खळगे अजून दिसतात. पण हा लाव्हा थंड होऊन झालेला दगड. त्यात खनिजांचे स्फटिक एकमेकांत अडकलेले, मधून वायूचे फुगे निघून गेल्याची भोकं. कोयत्याला तो पुरतो. वस्तऱ्याला लागतो अतिशय बारीक आणि एकसारख्या कणांचा दगड, आणि असा दगड गाळ साचून, दबून तयार होतो. बेल्जियममधल्या आर्देन डोंगरांत व्हिएलसाम गावाजवळ निघणारा पिवळट दगड त्यासाठी शतकानुशतकं जगभर गेला. त्याच्यात गार्नेटचे सूक्ष्म दाणे असतात. काकांच्या वडिलांचा दगड राखाडी, मधोमध खोलगट झिजलेला. गावात तो कोणी आणला हे आता सांगणारं कोणी नाही.

बोहरी आळीत मिळतो तो दुहेरी कार्बोरंडमचा ठोकळा. एक बाजू खरबरीत, दुसरी जरा बारीक. ती जरा बारीक बाजूही वस्तऱ्याला फारच रांगडी. बारीक दगड मागवावे लागतात. त्यांच्यावर नंबर असतात: १०००च्या दगडातले कण १०-१५ मायक्रॉनचे, ४०००च्या दगडातले तीनेक मायक्रॉनचे, ८०००च्या दगडातले एक-सव्वा मायक्रॉनचे. दाढीचा एक केस साधारण १०० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. दगड आला तरी तो सपाट आहे असं मानायचं नाही. नाना पेठेत गाड्यांच्या रंगकामाचं सामान मिळतं तिथून पाण्यात वापरायचा पॉलिशपेपर आणायचा, जाड काचेवर चिकटवायचा, दगडावर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या आणि पाणी घालत घासायचं. चौकटीतली प्रत्येक रेघ पुसली गेली की दगड सपाट. मधल्या रेघा उरल्या असतील तर मध्ये खळगा आहे. नव्या दगडांवरही मला या रेघा उरलेल्या दिसल्या. वाकड्या दगडावर सरळ धार होत नाही, आणि हे काम कंटाळवाणं असलं तरी टाळता येत नाही.

आता पहिला दगड, १०००चा. खरं काम याच्यावर आहे.

दगड पाण्यात भिजवलेला. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांत मुठीजवळची पोलादी मान धरायची, मूठ बाजूला मोकळी. डाव्या हाताची दोन बोटं पात्याच्या पोटावर, फक्त ठेवलेली. दगडाचा पातळ पापुद्रा कापून काढायचा असावा तशी धार पुढे ठेवून वस्तरा ढकलायचा. पातं दगडाच्या रुंदीपेक्षा लांब, म्हणून सरळ न ढकलता तिरपं ओढत न्यायचं, म्हणजे मुठीपासून टोकापर्यंतची सगळी धार एका फेऱ्यात दगडावरून जाते. दुसऱ्या टोकाला पोचलं की वस्तरा पाठीवर उलटायचा. पाठ दगडावरच राहते, धार हवेतून फिरते. धारेवर उलटला की धार गेली, आणि दगडाला चरा पडला तो वेगळाच. मग दुसऱ्या बाजूनं परत. पाणी सुकायला लागलं की थेंब घालायचे.

"दाबू नका," काका म्हणाले. मी दाबत नव्हतो असं मला वाटत होतं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि दगडावर वस्तऱ्याचं स्वतःचं वजन तेवढं ठेवलं. "हात त्याला वाट दाखवायला. ओझं द्यायला नाही." यामागचं कारण मला नंतर समजलं. पोखरलेलं पातं पाठीपासून धारेकडे पातळ होत जातं. त्यावर बोटाचा दाब पडला की ते वाकतं. पाठ टेकलेली, धारही टेकलेली, आणि तरी मधल्या वाकामुळे धारेपाशी कोन वेगळाच झालेला. दाब काढल्यावर पातं सरळ होतं आणि धारेचं टोक दगडापासून केसभर वर राहतं. मग माणूस तासभर घासतो आणि घासली जाते ती धारेमागची जागा.

हे दिसावं कसं? धारेच्या कडेला काळ्या मार्करची शाई लावायची आणि दगडावर चार फेरे मारून बघायचं. शाई अगदी कडेपर्यंत पुसली गेली असेल तर दगड कडेला लागतो आहे. टोकाला किंवा मुठीकडच्या भागात शाई उरली, तर तिथं तो पोचत नाही. काकांना शाई लागत नाही. ते वस्तरा खिडकीच्या उजेडात धार वर करून धरतात आणि सरळ धारेकडे बघतात. बोथट जागेवर पांढरी रेघ चकाकते, कारण प्रकाश परतवायला तिथं रुंदी शिल्लक आहे. खऱ्या धारेला रुंदीच नसते, ती दिसत नाही. ही युक्ती मला इतकी आवडली की आता घरातल्या सगळ्या सुऱ्या मी खिडकीशी नेऊन बघतो. सोन्या मारुती चौकाच्या बाजूला सोनारांच्या हत्यारांच्या दुकानात मिळणारं दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतलं तर तीच गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. दोन्ही बाजूंचे बारीक ओरखडे कडेपर्यंत जाऊन भिडलेले हवेत, मध्ये न घासलेली पट्टी नको.

कानही कामाला येतो. सुरुवातीला दगडावर खरखर येते. दोन्ही बाजू भिडत आल्या की आवाज एकसारखा होतो, आणि धारेपुढे पाण्याची एक बारीक लाट सरकायला लागते, पातं तिच्याखाली शिरत जातं. शेवटची परीक्षा काका अंगठ्याच्या ओल्या नखावर घेतात. धार नखावर आडवी ठेवून, वजन न देता, हळू ओढायची. घसरली तर बोथट. अडखळली तर तिथं तुकडा उडालेला. लोण्यात शिरावी तशी जरा धरून, सलग आली तर पहिला दगड पुरा झाला. ही परीक्षा इथंच घ्यायची, पुढच्या दगडांनंतर घेतली तर नखच धार खराब करतं. मी हातावरचे केस बघतो. कातडीलगत, पात्याच्या सगळ्या लांबीवर केस उतरायला हवेत. मधोमध उतरतात आणि टोकाला उतरत नाहीत, असं असेल तर पुढे जायचं नाही.

पुढे न जाणं हेच अवघड. नवशिक्याचा जीव बारीक दगडात अडकलेला असतो. ८०००च्या दगडावर पातं आरशागत चमकायला लागतं आणि ती चमक पाहिली की धार झाली असंच वाटतं. पण बारीक दगड धार करत नाही. तो फक्त आधीच्या दगडाचे ओरखडे पुसून त्यांच्या जागी आणखी बारीक ओरखडे घालतो. दोन बाजू जिथं भेटल्याच नाहीत तिथं तो चकाकती बोथट कड तयार करतो, आणि त्यावर दिवसभर बसलं तरी तो सव्वा मायक्रॉनच्या कणांनी ते अंतर कापू शकत नाही. गालावर वस्तरा ओढला जातो, केस खेचले जातात, आग होते, आणि माणूस दोष देतो शेवटच्या दगडाला, पट्ट्याला, साबणाला. दोष पहिल्या दगडावर राहिलेला असतो. पहिल्यावर पाऊण तास गेला तरी जाऊ द्यावा. शेवटच्यावर पाच मिनिटं पुरतात. मला या सगळ्या शिकण्यातून सांगण्यासारखं जे मिळालं ते एवढंच आहे, आणि ते मी ज्याला त्याला सांगत असतो.

मग काकांच्या वडिलांचं एका दगडावर कसं भागायचं? काकांनी करून दाखवलं. त्या राखाडी दगडावर पाणी टाकून त्याच दगडाच्या लहानशा तुकड्यानं घासलं. दुधासारखा दाट चिखल झाला. चिखलातले मोकळे कण जोरात कापतात, म्हणून सुरुवात त्याच्यात. मग बोटानं दोन थेंब पाणी, चिखल पातळ. आणखी फेरे, आणखी पाणी. कण विरळ होत जातात, फुटून बारीक होतात, कापणं मंदावतं. शेवटी नुसतं स्वच्छ पाणी, आणि पातं दगडाला चिकटल्यासारखं वाटायला लागतं, उचलताना जरा ओढ लागते. म्हणजे खरबरीत ते बारीक हा सगळा प्रवास एका दगडावर, पाण्याच्या थेंबांनी. बेल्जियन दगड वापरणारेही हेच करतात. नंबर छापलेल्या दगडांवर माझं काम जास्त खात्रीचं होतं हे खरं, पण काकांचा हात त्या एका दगडावर चालताना जो हिशोब करतो त्याला नंबरांची गरज नाही, आणि मला तो हिशोब शिकायचा आहे.

४००० आणि ८००० बद्दल फार सांगायला नको. दाब आणखी हलका, पाणी स्वच्छ, फेरे मोजके. आधीच्या दगडाचा कण पुढच्या दगडावर जाऊ नये म्हणून मधे पातं आणि हात धुवायचे.

पट्टा मात्र वेगळा. इथं दिशा उलटते. दगडावर धार पुढे असते, पट्ट्यावर पाठ पुढे, धार मागून ओढली जाते. विसरून धार पुढे गेली तर चामडं कापलं जातं. आधी जाड कापडाचा पट्टा, मग चामड्याचा. बाजारात तयार पट्टे मिळतात, त्यांतले बरेच वरून रंगाचा थर दिलेले असतात आणि धारेला काही सांगत नाहीत. चांगलं कातडं आपल्याकडंच आहे. कोल्हापुरी चपलेला लागतं ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, रसायनांशिवायचं. त्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कातड्यालाही त्यातला वाटा द्यायला हवा असं मला वाटतं. एका चर्मकारानं मला त्याचीच दोन बोटं रुंदीची लांब पट्टी कापून दिली. तिच्यावर रोज तळहात घासायचा, हाताचं तेल लागत गेलं की कातडं मऊ न होता दाट होतं. पट्टा ताणलेला हवा. ढिला असला की तो पात्याभोवती वळतो आणि धार गोल करतो, म्हणजे दगडावरचं काम दोन मिनिटांत पुसतो. काकांचा वेग पाहून वेग धरू नये. काका स्वतःच म्हणतात, आवाज ऐकायचा, जाताना आणि येताना सारखा आला पाहिजे.

दाढीआधी गरम पाण्याचा टॉवेल तीनेक मिनिटं. ओला केस फुगतो आणि मऊ होतो, त्याला कापायला कितीतरी कमी जोर लागतो. कातडी दुसऱ्या हातानं ताणायची, वस्तरा गालाशी साधारण ३० अंशांवर. पहिल्यांदा फक्त गाल. हनुवटीला नंतर हात घालावा. तुरटी हाताशी ठेवावी.

केसासारखी मऊ वस्तू पोलादाला बोथट कशी करते, हा प्रश्न मला नेहमी पडायचा. केस पोलादापेक्षा जवळजवळ पन्नासपट मऊ. २०२० साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या जानलुका रोशोली आणि जेम ताशान यांनी 'सायन्स' या नियतकालिकात याचं उत्तर दिलं. रोशोली स्वतः दाढी करायचे आणि ब्लेड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. धार झिजून गोल होते अशी समजूत होती. त्यांना दिसले ते कडेचे उडालेले बारीक टवके. केस वाकून तिरपा येतो आणि त्या जागी पोलादाची रचना असमान असते, तेव्हा कपची उडते. म्हणजे केस भिजवून मऊ करणं ही न्हाव्यांची सवय धारेचं आयुष्य राखण्यासाठीही होती. मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणूनच वडील आधी पाणी चोळायचे. साबण नंतर. पाणीच चोळायचे, बराच वेळ."

सलूनमधून हा वस्तरा गेला आणि गेला ते बरं झालं. आज गिऱ्हाईकासमोर ब्लेडचं पाकीट कागदासकट मधोमध मोडतात, अर्धं ब्लेड खाचेत सरकवतात, दाढी झाली की फेकतात. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ची. १९९२ साली पुण्यातच भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. त्या वर्षांत गिऱ्हाईक खुर्चीत बसायच्या आधी "नवीन ब्लेड घाल" म्हणायला लागलं, आणि हेपटायटिस बीसारखे रक्तातून जाणारे आजार लक्षात घेतले तर ते म्हणणं योग्यच होतं. एकच पातं दहा गालांवरून फिरवणं आता कोणी करू नये. काकांनी त्या सुमारास आपले वस्तरे गुंडाळून कपाटात ठेवले. त्यांच्या मुलाला धार लावता येत नाही, कारण त्याला कधी लावावी लागली नाही. गेला तो नुसता वस्तरा नव्हे, एका समाजाच्या हातांत असलेलं, कुणी न लिहिलेलं ज्ञानही एका पिढीत थांबलं. स्वतःच्या एकट्याच्या गालासाठी वस्तरा वापरणाऱ्यानं ते शिकून घेतलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

पुण्याच्या पावसाळ्यात वस्तऱ्याची काळजी वाढते. जुन्या पोलादात कार्बन टक्काभर, क्रोमियम नाही, त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत रात्रीत धारेवर तांबूस ठिपके येतात. दाढी झाली की धुवायचा, कापडावर पाठीकडून पुसायचा, पट्ट्यावर दोन-चार वेळा फिरवून ओल घालवायची, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि मुठीच्या सांध्यात साचतं. आणि न्हाणीघरात ठेवायचा नाही.

सध्या कडप्प्यावर शेफिल्डचा एक जुना वस्तरा आहे. त्याची धार सरळ नाही, मुठीपासून टोकापर्यंत किंचित बाहेर आलेली. झिजून झालेलं नाही, घडवलाच तसा आहे. सपाट दगडावर तो ठेवला की धारेचा एकच भाग टेकतो, दोन्ही टोकं हवेत राहतात. अशा पात्याला तिरपं ओढणं पुरत नाही, ओढता ओढता मनगट वळवावं लागतं, म्हणजे टेकणारी जागा मुठीकडून टोकाकडे सरकत जाते आणि पाठ एक क्षणही दगड सोडत नाही. शाई लावून बघितली तर टोकाला अजून रेघ उरते. काकांनी सांगितलं आहे की मनगट वळवू नका, कोपर खाली घ्या, मनगट आपोआप वळेल. दगड अर्थातच १०००चा.